पहिलीचा वर्ग न पाहिलेली मुलं

मोर्णेच्या काठावर असदगड आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेलं अकोल्याचं जुनं शहर. इथल्या कितीतरी घरांची सकाळ शाळेच्या घंटेवर चालते. लेकरू शाळेत गेलं की माय दालमिलमध्ये नाहीतर धुण्याभांड्यांना निघते. दुपारी लेकराच्या पोटात शाळेतली गरम खिचडी पडते. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं, तेव्हा सांभाळणं, जेवू घालणं, शिकवणं ही सारी कामं एकाच वेळी घरावर येऊन पडली. आणि त्याच दिवसांत घरातली मजुरीही थांबली.

7 एप्रिलला बैदपुऱ्यात शहरातला पहिला करोना रुग्ण सापडला. शासनाने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवला. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. शिक्षकांची धडपड खरी होती. पण ज्या घरात मोबाइल एकच, तिथे तो बापासोबत कामावर जाई. संध्याकाळी परतला की आधी दहावीतल्या भावाच्या हाती. पहिलीतल्या धाकट्याची पाळी येईपर्यंत नेट संपलेलं असे. खिचडीच्या जागी तांदूळ आणि डाळ घरी येऊ लागली, पण एका लेकराचा तो वाटा घरातल्या सगळ्या ताटांत वाटला जाई.

शाळा उघडल्या त्या वरच्या वर्गांपासून. राज्याने नववी ते बारावीला 23 नोव्हेंबर 2020 पासून परवानगी दिली, पाचवी ते आठवीला 27 जानेवारी 2021 पासून. महिनाभरातच दुसऱ्या लाटेने अमरावती-अकोल्याला गाठलं आणि वर्ग पुन्हा बंद झाले. शहरांतल्या पहिलीला परवानगी मिळाली ती थेट 1 डिसेंबर 2021 रोजी. मधल्या काळात पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वर चढवली गेली होती.

बोर्डाची परीक्षा असलेल्यांना आधी बोलावणं समजण्यासारखं होतं. तरीही ज्यांना एकट्याने शिकणं सर्वांत कमी जमतं, त्यांचेच वर्ग सर्वांत उशिरा उघडले. हा अन्याय होता.

तिकडे मेळघाटात रेंजसाठी टेकडी चढावी लागणारी गावं आहेत. घरात कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या कानावर मराठी पडते ती मुख्यत्वे शाळेत. त्यांची शाळा थांबली, तसा भाषेशी रोजचा संबंधही तुटला.

देशाच्या ग्रामीण भागात फिरून केलेल्या ‘असर’ पाहणीत 2018 साली तिसरीतली 27.3 टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती. 2022 मध्ये ती 20.5 टक्क्यांवर आली. 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, पण ज्याला अक्षरओळखच झाली नव्हती, त्याला तेवढे दिवस कसे पुरणार?

ही मुलं आता मोठी झाली आहेत. वाचताना अडखळणाऱ्याला ‘ढ’ म्हणण्याआधी त्याची पहिली कोणत्या साली होती, हे विचारा. शाळा सुटल्यावर तासभर त्याच्याजवळ बसा. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेलं लेकरू 2030 साली दहावीच्या परीक्षेला बसणार आहे.