सोळा तासांची नोकरी

सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष शिकवावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम सांगतात. त्यातला सोळाचा आकडा शेजारीपाजारी, सासरी-माहेरी सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्याच नियमांत आठवड्याचे एकूण काम ४० तासांचे धरले आहे, हे मात्र सहसा कोणाच्या गावी नसते. मधले २४ तास वेळापत्रकाच्या चौकटीत मावत नाहीत. त्यांतले बरेचसे पिशवीत बसून घरी येतात.

त्यात मोठा वाटा तयारीचा. विषय नवा असेल तर ४८ मिनिटांच्या एका तासापायी अख्खी संध्याकाळ जाते. ही तयारी बाहेरून दिसते ती अशी: खुर्ची खिडकीशी ओढलेली, मांडीवर पुस्तक, नजर भलतीकडेच. नांगर धरलेल्या माणसाला कोणी दळण आणायला पाठवत नाही. पुस्तक धरलेल्याला पाठवतात. घरच्यांचेही चुकत नाही म्हणा. वाचणारा माणूस रिकामाच दिसतो.

तपासणीचे तसे नाही, ती डोळ्यांना दिसते. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका मूल्यमापन केंद्रात जाऊन तपासाव्या लागत असल्या, तरी अंतर्गत चाचण्यांचे गठ्ठे घरीच येतात. सुतळी सुटते ती जेवणाच्या टेबलावर. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत चार पेपर होतात. पाचव्यावर आमटीचा थेंब पडतो, तो ओल्या फडक्याने टिपताना निळी शाई पसरते आणि लोकसंख्यावाढीचे तिसरे कारण कायमचे वाहून जाते. अशा वेळी परीक्षक त्या कारणाचा पूर्ण गुण देऊन टाकतो. विद्यार्थ्याला हे कधी कळत नाही.

सत्र पद्धत आल्यापासून परीक्षा वर्षातून दोनदा येते. पहिली बहुधा दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे चकलीच्या भाजणीशी तिची गाठ. दुसरी उन्हाळ्यात, घरातल्या मुलांच्या वार्षिक परीक्षेला खेटून. दुसऱ्यांच्या मुलांवर पर्यवेक्षण करताना स्वतःच्या मुलाचा गणिताचा पेपर कसा गेला ते संध्याकाळीच कळायचे. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम गळ्यात असेल तर हिवाळ्यात सात दिवसांचे शिबिर असते. कार्यक्रम अधिकारी खेड्यात मुलांबरोबर बंधारा घालतो आणि घरच्या गळक्या नळाला प्लंबर मिळतो तो आठव्या दिवशी.

बढतीसाठी शोधनिबंध, उजळणी वर्ग, पीएच.डी. हे सगळे याच दिवसांतून काढायचे असते. संशोधक स्त्रीला प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद आयोगाने २०१६ मध्ये केली. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचा प्रश्नच वेगळा. त्याचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. मूल तापाने फणफणले म्हणून चुकवलेला तास त्याच्या बिलात येत नाही. अशा माणसाला ‘समतोल साधा’ म्हणून सांगायला जाऊ नये.

पुण्यातल्या कर्वे घराने ही ओढाताण निदान दोन पिढ्या पाहिली. धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत आणि तिथून विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जात. आश्रमाला त्यांनी आपला पाच हजारांचा विमाही देऊन टाकला. अशा माणसाचा संसार कसा चालतो, ते त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या ‘माझे पुराण’मध्ये वाचावे. सून इरावती मानववंशशास्त्रज्ञ, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. माणसांची शरीरमापे घेत त्या देशभर हिंडल्या, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवली, तीन मुले वाढवली. पती दिनकर फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत. दोघेही प्राध्यापक असलेल्या घरात पुस्तक धरलेला माणूस रिकामा ठरत नसावा.

इरावतींच्या ‘परिपूर्ती’ या लेखात एका सभेतली ओळख येते: थोर घरची सून, नामवंताची पत्नी. ऐकताना त्यांना वाटत राहते, यात काहीतरी राहिले. राहिलेले ते रस्त्यात मिळते. काही शाळकरी पोरे त्यांच्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगतात, ही आपल्या वर्गातल्या त्या मुलाची आई. त्या पोरांना इरावतींची बर्लिनची पीएच.डी. ठाऊक असण्याचे कारण नव्हते.