माहेरचा शंकरपट

माझे माहेर भंडारा जिल्ह्यातले. साकोलीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले लहानसे खेडे. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा सासरी कुणाला ‘पट’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. बैलांची शर्यत, बाई! एक जोडी, एक हलका छकडा आणि त्यावर एकटा धुरकरी. धान कापून झाले की हिवाळ्यात आमच्याकडे गावोगावी शंकरपट भरतात. लेकी माहेरी येतात, मुली बघण्याचे कार्यक्रम पटातच उरकतात आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक उजाडेपर्यंत चालते. त्या नाटकांचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या माहेरच्या घरी पेढे वाटले होते.

पण खरे सांगू? अठरा वर्षे त्या गावात वाढले, तरी मी पट कधी पाहिलाच नव्हता. पटाच्या दिवशी घरी वीस-पंचवीस पाहुणे. चुलीवर वांग्याची भाजी, परातीत सुवाऱ्यांची कणीक, एकीकडे लाखोरीच्या वड्यांचे वाटण. बाहेर आरोळ्या उठल्या की कोणाची तरी जोडी सुटली, एवढे आम्हाला कळायचे. आईची तर सारी हयात त्या गावात गेली. तिनेही पाहिला नव्हता.

बाबांची जोडी होती, चांद्या आणि मोऱ्या. त्यांची निगा आईच करायची. ढेप भिजत घालायची, कणकेचे गोळे तुपात माखून भरवायची. एकदा चांद्या पटातून परतला तो मागच्या बाजूला रक्ताळलेला. पराणीची आर टोचली होती. आई काही बोलली नाही, हळद आणि तेल घेऊन गोठ्यात बसली. त्या रात्री बाबांचे ताट तिने वाढले नाही, मी वाढले. म्हणूनच मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या तेव्हा बाबा ओसरीवर डोक्याला हात लावून बसले आणि आई म्हणाली, “बरंच झालं म्हना.” पुढच्याच वर्षी जोडी विकली. नेणाऱ्याच्या मागोमाग आईच वेशीपर्यंत गेली, बाबा नाही.

बंदी आली आणि गाव सुने झाले, हेही खरेच. पट नाही म्हणून पाहुणे नाहीत. ‘या वर्षी काय करायचंय येऊन?’ असे लेकींचे निरोप येऊ लागले. मीही त्यातलीच. बाबा २०१९ साली गेले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला, पण ते पाहायला ते नव्हते.

माझी भाची स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला असते. तिकडे डोंगरात ब्रेमार म्हणून गाव आहे, तिथे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मोठे खेळ भरतात. गुडघ्यापर्यंत चौकड्यांचा घागरा घातलेले गडी अख्खा ओंडका उभा उचलून पलटी मारून फेकतात, पोरी नाचतात, राजघराण्यातली माणसे बघायला येतात. त्या पोशाखावरही १७४६ साली लंडनच्या संसदेने बंदी घातली होती, ती १७८२ मध्ये उठली. भाची फोनवर म्हणाली, “मावशी, अगदी आपला पट गं! फक्त इथे आजी-नाती पुढे खुर्च्या टाकून बसल्यात.”

ते शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

२०२४ च्या जानेवारीत मी गेले. वहिनी पहाटे चारला उठून स्वयंपाकाला लागली होती. मी आईला म्हटले, “चल.” ती म्हणाली, “अन् पाव्हने?” वहिनीच म्हणाली, “मी आहे ना, जा तुम्ही.”

जाणाऱ्या मैत्रिणींना एक सांगते, पांढरी साडी नेसू नका. धूळ अशी उडते की घरी आल्यावर केस दोनदा धुवावे लागतात. प्यायचे पाणी घरूनच न्या.

वावरातून दोन सरळ वाटा काढल्या होत्या. झेंडी पडली आणि जोड्या सुटल्या. काय सांगू! जमीन पायाखाली थरथरते. धुरकरी छकड्यावर जवळजवळ आडवाच झालेला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शर्यत संपते आणि मग घड्याळातले सेकंद पुकारतात. मी चक्क ओरडत होते, पन्नाशी उलटलेली बाई!

आईचे मात्र शर्यतीकडे लक्षच नव्हते. ती धावून आलेल्या बैलांच्या मागच्या बाजूला जाऊन बघत होती. एका पोराला तिने विचारले, “टोचत नाही ना रे बाबू?” तो हसला. “नाही आजी, आता चाबूक, आर काहीच चालत नाही. डॉक्टर पहिलेच तपासते.” आईने तरी बैलाच्या पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला, तळहात उलटा करून पाहिला, पदराला पुसला. मग माझ्याजवळ येऊन बसली. “जलमभर चारलं म्या,” ती म्हणाली, “पन धावताना आज पाह्यलं.”

नियम सगळीकडे पाळले जातात का? बैल सोडायच्या जागी एकदोघे शेपटी पिरगाळताना मी डोळ्यांनी पाहिले. भावाला सांगितले तर तो म्हणाला, “एवढं चालतंच.” आईने ते ऐकले आणि घरी येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी परतलो तेव्हा वहिनी चुलीपुढे तशीच. कोणाची जोडी आली, किती सेकंद, काळा बैल पळाला का, सारे विचारत होती. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायका स्वतः छकडा हाकतात, हेही तिला माहीत होते. बावीस वर्षांत तिने एकही पट पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंचवीस माणसांच्या सुवाऱ्या मी लाटल्या. वहिनी नवी हिरवी साडी नेसून आईबरोबर गेली. भात किंचित करपला. अंधार पडला तेव्हा दोघी दारात आल्या, भुवयांपर्यंत धुळीने माखलेल्या, आणि हातपाय न धुताच वहिनी सांगायला बसली.