ओपन आणि क्लोजच्या मधे

रतन खत्रीच्या मटक्याचा ओपन रात्री नऊला यायचा आणि क्लोज बाराला. माझ्या लहानपणी डहाणूत आकडे लावणाऱ्यांचं खरं जगणं या तीन तासांतच चालायचं. तीन पत्ते निघत, त्यांची बेरीज होई आणि बेरजेचा शेवटचा अंक धरायचा. चव्वा, पंजा, अठ्ठा म्हणजे सतरा, म्हणून सत्ता. ज्याचा ओपन लागला तो ओपन-क्लोजच्या जोडीसाठी बारापर्यंत जीव मुठीत धरून बसे. ज्याचा गेला तो क्लोजवर नव्यानं लावी. आमच्या शेजारचे काका फुग्याच्या कारखान्यात कामाला होते. पगाराच्या रात्री ते ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या नंबरांतून अंक काढायचे आणि आम्ही पोरं ते मन लावून ऐकायचो. काकू आत भांडी आपटायच्या. बाराला सगळं संपे, बहुतेकदा वाईटच.

हा खेळ आधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर चाले. ते येणं 1961 मध्ये थांबलं. मग 1962 साली कल्याणजी भगतनं वरळीत मटका काढला आणि 1964 मध्ये खत्रीनं स्वतःचा. त्याच 1961 च्या मे महिन्यात इंग्लंडात पैजा घेणारी दुकानं राजरोस उघडली. आयर्लंडनं तर 1926 सालीच त्यांना परवानगी दिली होती. आपल्याला मात्र 1887 चा जुगारबंदी कायदा साहेबानंच बांधून दिलेला. राज्य सरकारची लॉटरी 1969 पासून सुरू झाली, ती वेगळी. तिचं तिकीट वडील देवाच्या फोटोमागे ठेवत. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत चित्रांवर पैसे लावायचं सोरट असे, त्याकडे आम्हाला फिरकू देत नसत.

नव्वदच्या दशकात गावात व्हिडिओ गेमचं दुकान आलं. पत्र्याची शेड, अंधार, घामाचा वास आणि कॅपकॉमचा 1993 सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला नुसतं ‘मुस्तफा’ म्हणत. घरच्यांच्या लेखी हाही जुगारच. पण इथे जिंकायला पैसाच नव्हता; नाण्यानं वेळ विकत घ्यायचा, आणि हात चांगला असेल तर तो वाढवायचा. तलासरीहून शिकायला आलेला एक वारली मुलगा एका नाण्यात इतका वेळ खेळे, की मागे उभ्या पोरांचा घोळका हलत नसे आणि दुकानदाराचा गल्लाही हलत नसे. शेवटी मालक ‘लाइट गेली’ म्हणून बटण बंद करी. जो खिळून बसेल तो या मालकाला नकोसा, आणि मटकेवाल्याला तोच हवा. दोन्ही धंद्यांतला एवढा फरक घरी कुणाला पटवून देणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

पुढे ऑनलाइन लॉटरीची सेंटरं निघाली. एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत नको, असं 1998 चा केंद्रीय कायदा सांगतो. मग लॉटऱ्यांची नावंच वाढवली, की झालं. दर पंधरा मिनिटांनी सोडत. इथे ट्रकचे नंबर वाचायला कुणाला फुरसत राहिली नाही.

लोकल डहाणूपर्यंत 2013 मध्ये आली. काही वर्षांत डब्यातली पत्त्यांची टोळकी विरघळली आणि जो तो आपापल्या फोनवर रमी खेळू लागला. रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये म्हटलं होतं, आणि या अ‍ॅपवाल्यांनी त्याच छत्रीखाली दुकान थाटलं. काकांच्या मुलानं त्यात दुचाकी घालवली, तेव्हा निवृत्त काका त्याला म्हणाले, “अरे, तुला हरल्याचं कळायला तरी वेळ मिळाला का?” आयुष्यभर मटका खेळलेल्या माणसाकडून हा उपदेश ऐकून काकू हसल्या, पण मला तो प्रश्न बरोबर वाटला.

ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच मोडीत काढला. पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. ब्रिटननं बंदी घातली नाही, घड्याळ लावलं. 2021 पासून तिथे ऑनलाइन स्लॉटचा एक फेरा अडीच सेकंदांच्या आत संपवता येत नाही. एवढ्या अवधीत माणसानं नेमका कसला विचार करावा अशी त्यांची अपेक्षा आहे, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. काकांना तीन तास पुरत नसत.