तारेचा हात

आमच्या सोलापूरच्या माळावर श्रावणांत वारा क्षणभरहि स्वस्थ बसत नाहीं. शेताच्या बांधावरील एकदांडीचें फूल तर आपल्या लांबसडक दांड्यावर अखंड डोलत असतें. डोळ्यांस तें रम्य वाटतें. पण जवळून छायाचित्र घेणाऱ्याची त्यामुळें मोठी पंचाईत होते. फूल जेवढें तेवढेंच त्याचें चित्र भिंगामागें पाडावयाचें असेल, तर छिद्र एफ/८ ठेवूनहि जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट उमटतो. त्यांतच फूल सेकंदाला १ सेंटिमीटर सरकलें, तर १/६० सेकंदांत तें सुमारें ०.१७ मिलिमीटर हलतें आणि पाकळीची कड पुसट होते.

ही अडचण जुनीच आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली व डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान् तिचे सभासद झाले. त्या काळीं चित्रास फार वेळ लागे, म्हणून बसणाऱ्याच्या डोक्यास मागून लोखंडी आधार देण्याची चाल होती. माणसास जो आधार चालला, तो फुलास कां चालूं नये?

माझा एक विद्यार्थी मात्र म्हणाला, "सर, फूल तोडून वर्गांतच नेऊं या, तेथें वारा नाहीं." मीं म्हटलें, "बाळ, तोडलेलें फूल लवकरच मान टाकील. आणि बांधावरची मुंगी तुझ्या वर्गांत कशी येईल?" त्याच सायंकाळीं आम्ही दोघे कामास लागलों.

अल्युमिनियमच्या जाड तारेचे हातभर लांबीचे तीन तुकडे घेऊन त्यांस पीळ दिला. पोलादी तार वाकविली तरी उसळी घेऊन मागें येते. ही तार वाकवावी तशी राहते. वरून मागाचें टाकाऊ सूत गुंडाळलें. एका टोकास कपडे वाळविण्याचा लांकडी चिमटा बांधला, जबड्यांस टॉवेलाच्या चिंध्या लाविल्या व ते पुरते मिटूं नयेत म्हणून मध्यें एक काडी बसविली. दुसरें टोक लोखंडी सळईस घट्ट आवळलें. हात उगाच लांब करूं नये. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच भारानें तो आठपट लवतो.

सळई मुळांपासून दूर रोवावी आणि दांडा फुलाखालीं दोन बोटांवर हलकेच धरावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यांत मात्र हा प्रयोग करूं नये. तेथें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा अंमल आहे. शिवाय ज्या पक्ष्यासाठीं तो माळ राखला, तोच आतां तेथें अत्यंत दुर्मिळ झाला आहे. तेथील गवतांत आपलें पाऊल न पडलेलेंच बरें.

विद्यार्थ्याच्या चित्रांत एकदांडीवर चढलेल्या मुंगीचे पायहि मोजतां आले. त्यानें चिमटा सोडला, तसें फूल पुन्हां डोलूं लागलें. सळईचें छिद्र त्यानें आपण होऊन मातीनें बुजविलें. मुलांनो, तुम्हीहि असा हात करून पाहा. आणि पालकांनीं घरांतील एक चिमटा त्यांस आनंदानें द्यावा.