राजकीय शब्दकोडे आणि तीन घरांचा पक्ष



राजकारणावरचे मराठी शब्दकोडे अडते ते पुष्कळदा माहितीपायी नव्हे, अक्षरांपायी. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण सगळे मिळून 26. मराठीत घरात अख्खे अक्षर जाते. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सगळ्यासकट. 'दत्ता सामंत' पाच घरांत मावतात: द, त्ता, सा, मं, त. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे नुसता 'ड' जुळून भागत नाही, 'डि'ला 'डि'च लागतो. त्यामुळे असे छेद जुळवणे कोडे रचणाऱ्याला जड जाते, काळी घरे वाढतात आणि सोडवणाऱ्याचा आधार तेवढा कमी होतो.

मुंबईच्या दोन निवडणुकांवरून हे स्पष्ट होते. आडवा शब्द: 1967 साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारे (आडनाव, 4). उभा शब्द: 1970 च्या पोटनिवडणुकीत परळमधून निवडून आलेले (आडनाव, 4). पहिले फर्नांडिस, दुसरे महाडिक. दोन्हींत तिसरे घर 'डि'चे. आडवा शब्द कुणी 'फर्नांडीस' असा लिहिला, की उभ्यात महाडिक बसत नाहीत आणि संशय भलतीकडेच जातो. 5 जून 1970 ला लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि वामनराव महाडिक त्यांना हरवून शिवसेनेचे पहिले आमदार झाले. एवढा इतिहास तोंडपाठ असलेला गिरणगावकरही एका वेलांटीपाशी अडू शकतो. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात. सोय होते खरी, पण मग कोडे सैल पडते.

पक्षचिन्हांचा घोळ निराळा. 'एका पक्षाचे चिन्ह (3)' एवढेच शोधसूत्र असेल तर कमळ, घड्याळ, मशाल, तुतारी, इंजिन ही सगळी चालतात. शेवटचे अक्षर 'ळ' मिळाले तरी कमळ की घड्याळ हा प्रश्न उरतोच. त्यात पक्ष फुटले. ऑक्टोबर 2022 मध्ये शिवसेनेच्या एका गटाला मशाल मिळाली, दुसऱ्याला, म्हणजे शिंदे गटाला, ढाल-तलवार. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. फेब्रुवारी 2024 मध्ये घड्याळ अजित पवारांकडे गेले, शरद पवारांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. म्हणून सालाशिवायचे शोधसूत्र हा रचणाऱ्याचाच आळस मानावा. 'गिरणी संपाचे पुढारी' एवढ्यावर कुणाचे नाव लिहायचे? 1928 म्हटले की डांगे, 1982 म्हटले की सामंत. 1984 च्या काँग्रेस लाटेतही दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले ते हेच सामंत.

सोडवताना आधी साल दिलेली शोधसूत्रे घ्यावीत, मग आडनावे, आणि शेकाप, रिपाइं, मनसे असली लघुरूपे शेवटी. ती सगळी तीन घरांची असतात आणि फसवतात. सगळ्यांत फसवी जोडी भाकप-माकप. 1964 साली कम्युनिस्ट पक्ष फुटला आणि कोड्यात फरक उरला पहिल्या अक्षराचा.

एका शोधसूत्राला दोन उत्तरे चालतात, हाच दोष मुद्दाम वापरून 5 नोव्हेंबर 1996 ला, अमेरिकेच्या अध्यक्षीय मतदानाच्या दिवशी, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक कोडे छापले. जेरमाया फॅरेल यांच्या त्या कोड्यात उद्याच्या अंकातली मुख्य बातमी ओळखायची होती. आडव्या ओळीत क्लिंटन लिहा की बॉब डोल, दोघांचेही इंग्रजीत सात वर्ण, आणि छेदणारे उभे शब्दही दोन्ही बाजूंनी बरोबर. पहिल्याच वर्णाशी काळा प्राणी विचारला होता: मांजर म्हटले तर क्लिंटनचा पहिला वर्ण येई, वटवाघूळ म्हटले तर बॉबचा. मराठीत एवढ्या लांबीचा डाव अवघड, पण छोटा जमतो. आडवा शब्द: लाल बावट्याचा पक्ष (3). त्याच्या पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द: सभेत राखावे लागते ते (2). 'भान' लिहिले तर भाकप, 'मान' लिहिले तर माकप.