‘हाय’ आणि ‘फाय’

हौसेला मोल नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण नीट कान देऊन ऐकले तर हे वाक्य नेहमी हौस करणाराच बोलतो, असे लक्षात येईल. घरातल्या इतर मंडळींना त्या हौसेचे मोल अगदी रुपया-पैशांपर्यंत तोंडपाठ असते. आमच्या घरी मी गाणे ऐकण्याचे यंत्र स्वतःच्या हाताने बनवायला घेतले, तेव्हा या प्रकाराला ‘हाय-फाय’ म्हणतात असे मी सर्वांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यातले ‘फाय’ मी माझ्याकडे ठेवले आणि ‘हाय’ सौ.च्या वाट्याला आले. माझ्या प्रत्येक नव्या खरेदीनंतर तो शब्द तिच्या तोंडून एका दीर्घ उसाशासह बाहेर पडू लागला.

वास्तविक हा शब्द मोठा चांगला आहे. ‘हाय फिडेलिटी’ म्हणजे उच्च प्रतीचे इमान. गवयाने जो सूर लावला तो यंत्राने जसाच्या तसा पोचवावा, पदरचे काही घालू नये आणि वाटेत काही खाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. जगात या वेडाला वय आहे. १९४७ साली विल्यमसन नावाच्या गृहस्थाने एका इंग्रजी मासिकात आपल्या अॅम्प्लिफायरचा आराखडा छापला आणि देशोदेशीच्या हौशी लोकांनी तो घरी बसून बनवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेरे घेणारी मोठी रेकॉर्ड निघाली आणि दहा वर्षांत, म्हणजे १९५८ च्या सुमारास, दोन बाजूंनी दोन आवाज देणारी स्टिरिओ रेकॉर्डही बाजारात आली. आपल्याकडे त्या वेळी एक मर्फीचा रेडिओ असला की घर श्रीमंत ठरत असे. शेजारपाजारची मंडळी त्याच्यासमोर सतरंजीवर बसत. आज आमच्या घरात माणसे चार आणि गाणी वाजवणारी यंत्रे सात. पण जो तो कानांत बोंडे घालून आपापल्या कोपऱ्यात. एकाच घरात राहून कोण काय ऐकतो हे दुसऱ्याला ठाऊक नाही. सर्वांनी मिळून ऐकावे असे काहीतरी घरात हवे, हा माझा खरा हेतू होता. अर्थात हेतू कितीही उदात्त असला तरी बिल द्यावेच लागते.

आता मोहोळसारख्या गावात असले यंत्र करायचे म्हणजे आधी सामान कुठून आणायचे, हा प्रश्न. मोठी माणसे त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जातात. मी बँकेची सुटी साधून पुण्याला गेलो आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दिवसभर हिंडलो. अॅम्प्लिफायरचा जीव म्हणजे बोटाच्या पेराएवढा, पाच पायांचा एक काळा तुकडा. एकेक तुकडा वीसेक वॅट देतो. दोन बाजूंना दोन लागतात. तो तापतो म्हणून त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमचा पंखेदार पत्रा लावावा लागतो. उरलेला खर्च ट्रान्सफॉर्मरचा आणि स्पीकरचा.

स्पीकरसाठी पेट्या गावातच करून घ्यायच्या ठरवल्या. आमच्या सुताराने माप पाहिले, जाड प्लायवुड पाहिले आणि शांतपणे विचारले, “साहेब, ह्यात काय ठिवायचं? ज्वारी का हरभरा?”

त्याचा तरी काय दोष? मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा नामांकित वाण ज्या गावाच्या संशोधन केंद्रात निवडला गेला, त्या गावात पेटी म्हटली की धान्यच आठवणार. “आवाज,” मी म्हणालो. त्यावर तो काही बोलला नाही. पण पुढच्या फळीला खाली एक गोल भोक पाडायचे, असे सांगताच त्याला राहवेना. “आन् भोक ठिवलं तर उंदीर जाईल की आत!”

मी त्याला समजावले, की स्पीकरचा पडदा पुढे जसा आवाज करतो तसा मागेही करतो. मागचा तो आवाज पेटीत कोंडून वाया जाऊ द्यायचा नाही. भोकाचे माप बरोबर असले तर तोच बाहेर येऊन खर्जाला आधार देतो. त्याने मान डोलावली आणि पेट्या घरी आणून देताना दोन्ही भोकांना आतून बारीक जाळी मारून आणली. ती अजून आहे. खर्जही उत्तम येतो आणि उंदीर एकही गेलेला नाही.

जागेच्या बाबतीत मात्र मी मुंबईकरांपेक्षा भाग्यवान. आमचे घर जुन्या माळवदाचे. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा ट्रक आत येत नाही. परंतु समोरासमोरच्या दोन भिंती गुळगुळीत सारवलेल्या असल्या की टाळी वाजवताच आवाज त्यांच्यामध्ये चेंडूसारखा टप्पे खातो. त्यावर परदेशातले लोक महागडे गालिचे आणि स्पंजाच्या लाद्या लावतात. आम्ही सोलापूरच्या दोन जाड चादरी भिंतींवर टांगल्या आणि कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या. टप्पे थांबले. “पाहुणे आले की चादरी उतरवायच्या,” या अटीवर सौ.ने परवानगी दिली. आमच्याकडे पाहुणे मुक्कामाला असले की म्हणूनच गाणे जरा कर्कश वाटते.

यंत्र सुरू झाले त्या दिवशी गल्लीतले एक उत्साही तरुण गृहस्थ पाहायला आले. “किती वॅटचं?” त्यांनी विचारले. “वीस-वीस,” मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटली ती मी विसरणार नाही. त्यांच्या मंडळाच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साउंडचा हिशेब हजारांत चालतो. चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज, असेच आता सगळीकडे ठरून गेले आहे. माझे यंत्र उलट्या जातीचे. ते हळू लावले तरी तंबोऱ्याची तार सुटल्याचे कळावे, गाणाऱ्याने घेतलेला श्वास ऐकू यावा, यासाठी सगळा खटाटोप.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, या सर्व प्रकारापासून दूर ओसरीवर बसून असत. अण्णांचे वय ऐंशीच्या पुढे. शाळामास्तरकी केली आणि नागनाथाच्या देवळात भजनाला अनेक वर्षे पेटी वाजवली. गेल्या काही वर्षांत त्यांना ऐकू कमी येऊ लागले. बोलणे ऐकू येते पण कळत नाही, ही त्यांची तक्रार. जेवताना आम्ही हसलो की ते अंदाजाने हसत. पुढे पुढे त्यांनी तेही सोडले आणि ताट घेऊन ओसरीवरच बसू लागले.

एकदा कन्येने फोनवरून बारीक शिट्टीसारखे सूर काढून सर्वांची कानतपासणी घेतली. निरोगी कानाला सेकंदाला वीस कंपनांपासून वीस हजारांपर्यंत ऐकू येते, असे पुस्तकात लिहिलेले असते. ते कान तरुण असावे लागतात. कन्या सोळा हजारांपर्यंत पोचली, मी बारा हजारांना थांबलो आणि अण्णा चार हजारांच्या पुढे गप्प झाले. वय झाले की वरचे सूर आधी जातात, आणि स, श, त ही अक्षरे ओळखू येतात ती त्याच वरच्या सुरांवरून. म्हणून ‘सात’ म्हटलेले कळत नाही आणि माणूस मात्र बोलतो आहे हे कळते. मी चांगले पैसे मोजून वीस हजारांपर्यंत जाणारे छोटे स्पीकर आणले होते. त्यांचे निम्मे काम आमच्या घरात फक्त कन्येसाठी चालले होते!

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. यंत्रात एक बारीक घरघर येत होती आणि ती कुठून येते हे मला सापडेना. अण्णा आत पाणी प्यायला आले, दारातच थबकले आणि म्हणाले, “पांढरी पाच. किंचित चढी आहे.”

मी चमकलो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. पेटीवर खाली खाली गेले तर पांढरी पाचचा सूर एकोणपन्नासांवर येतो. म्हणजे ती विजेची घरघर होती, आणि किंचित चढीच होती. जमिनीची तार दोन ठिकाणी जोडली गेली होती, ती एकीकडची सोडताच घरघर गेली. “गेली,” अण्णा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मग आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या रेकॉर्डी निघाल्या. त्यांच्यासाठी जाड सुई लागते, कारण त्यांची खाच मोठ्या रेकॉर्डीपेक्षा तिप्पट रुंद. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या टर्नटेबलवर ७८ फेऱ्यांची सोय होती. एका नाटकाच्या पदाची रेकॉर्ड लावली. लेबल झिजलेले, नाव अर्धेच वाचता येणारे. मला ती झकास वाटली. अण्णांनी हात वर केला.

“हा माणूस घाईत आहे रे.”

“अण्णा, फेरे बरोबर अठ्ठ्याहत्तर आहेत. मी मोजलेत.”

“असतील. पण गाणारा असा धापा टाकत नाही. तान संपल्यावर त्याला उसंत हवी. पेटी आण.”

अण्णांनी म्हटले त्यात इतिहासाचे बळ होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या रेकॉर्डी निघाल्या, तेव्हापासून पुढची वीसेक वर्षे गवई कर्ण्यात तोंड घालून गात आणि यंत्राचा वेग जागोजाग वेगळा असे. कुठे सत्तरच्या जवळ, कुठे ऐंशीच्या. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि मग ७८ हा आकडा स्थिरावला. जुनी रेकॉर्ड आज ७८ वर लावली की गाणारा अर्धी पट्टी वर चढतो आणि त्याच हिशेबाने घाई करतो.

अण्णांनी पेटीवर सूर धरला. पांढरी दोन. मी बटण फिरवून वेग हळूहळू कमी करू लागलो आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. काळी एकच्या जवळ आल्यावर त्यांनी बोट उचलले. आवाज एकदम छातीत उतरला. मघाचा पातळ मुलगा जाऊन तिथे पोक्त, भरदार माणूस बसला होता. कन्येने रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवून घड्याळाकडे पाहत फेरे मोजले. चौऱ्याहत्तर.

त्या गवयाला विचारण्याची सोय नव्हती. पण आमच्यापैकी कोणालाच शंका उरली नाही. सौ. हातातली कणीक तशीच घेऊन दारात उभी होती. तिने त्या दिवशी उसासा टाकला नाही.

माझे यंत्र इमानी आहे, यात वाद नाही. खाचेत जे आहे ते ते बिनचूक सांगते. पण खाचेतच माणूस धावत असेल, तर त्याला ते धावतानाच दाखवणार. गाणे माणसासारखे झाले का, हे ठरवायला चार हजारांच्या पुढे काही ऐकू न येणारा, पण जन्मभर सुरांत बसलेला कान लागला.

आता रविवारी दुपारी ओसरीवरची खुर्ची माजघरात येते. अण्णांसमोर बोलायचे असले की आम्ही तोंड त्यांच्याकडे वळवून, जरा सावकाश बोलतो; त्यांच्या घाईच्या नियमाचा हा आम्हाला झालेला फायदा. दर आठवड्याला ट्रंकेतली एक रेकॉर्ड ‘लागते’. वेग ठरला की अण्णा तिच्या खाकी पाकिटावर शिसपेन्सिलीने, मास्तरांच्या वळणदार अक्षरात आकडा लिहितात आणि कन्या शेजारी तारीख घालते. सत्तावीस पाकिटे झाली. ७४, ७६, ७९, पुन्हा ७६. अजून ट्रंक अर्धी बाकी आहे, आणि परवा सौ.ने आपण होऊन विचारले, की भिंतीवरच्या चादरी आता जुन्या झाल्या. सोलापूरहून नव्या दोन आणायच्या का?