चालकाच्या घरातील झोप

आमच्या घरच्या दोरीवर 31 वर्षे एसटीची खाकी वाळली. आता हे निवृत्त आहेत. परवा नणंदेची मुलगी तिच्या आईबरोबर आली आणि म्हणाली, “मामा, मला एसटीत चालक व्हायचंय. काय काय करावं लागेल?” आम्हां सर्वांनाच आनंद झाला. आता महिलाही एसटीच्या स्टेअरिंगवर दिसतात. मग आपली मुलगी त्यांत का नसावी?

ह्यांनी तिला वही घ्यायला लावली. आधी हलक्या मोटारीचे लायसन्स काढायचे. ते एक वर्ष जुने झाल्याशिवाय आणि वयाची 20 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय बससाठीचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही. पुढे ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, आरटीओची परीक्षा आणि बिल्ला. “भरतीची जाहिरात स्वतः वाच. मध्यस्थाच्या हातात एक रुपया देऊ नकोस,” असेही त्यांनी बजावले.

एक गोष्ट मात्र ह्यांनी सांगितली नाही. ती आम्ही सांगितली, कारण चूक आमची होती.

1994 चा मे महिना. हे मुक्कामाची गाडी करून सकाळी घरी आले. रात्री पुन्हा कराड-चिपळूण गाडीवर जायचे होते. घरात पुतण्याच्या साखरपुड्याचे पाहुणे. आम्ही ह्यांना तीनदा उठवले: रॉकेलच्या रांगेसाठी, आचाऱ्याच्या सामानासाठी आणि पाहुण्यांना भेटण्यासाठी. वर म्हणालो, “दिवसभर घरीच तर आहात!”

त्या रात्री कुंभार्ली घाट उतरण्यापूर्वी, हेळवाकजवळ, ह्यांची पापणी क्षणभर मिटली. चाक कडेच्या खडीवर गेले, त्या आवाजाने जाग आली. पुढे घाटाची वळणे, मागे झोपलेली चाळीस माणसे. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, तोंडावर पाणी मारले आणि अर्धा तास बाकावर आडवे झाले. प्रवासी ओरडू लागले. वाहक म्हणाला, “इंजिन तापलं होतं असं सांगू.” उशिराचा खुलासा मागितला गेला, तेव्हा ह्यांनी लिहिले, “झोप येत होती, म्हणून थांबलो.” एक दिवसाचा पगार कापला गेला.

घरी ते काहीच बोलले नाहीत. धुण्याच्या शर्टाच्या खिशात त्या खुलाशाची प्रत सापडली, तेव्हा आम्हांला कळले. दंड ह्यांना झाला. झोप मोडणारे आम्ही होतो. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दोन ड्यूट्यांमध्ये सलग 9 तासांची विश्रांती सांगितली होती. पण कायद्याने दिलेले तास घरानेच हिरावून घेतले तर तक्रार कुठे करायची?

तेव्हापासून हे झोपले की रेडिओ बंद, मुले शेजारी, पाहुणे ओसरीवर. भांडण आणि बिले ते उठल्यावर. “राजेसाहेब झोपलेत वाटतं!” असे शेजारी हसत. आम्ही हसू दिले.

हे ऐकून मुलगी म्हणाली, “मी झोपेन की मामी, त्यात काय!” आम्ही नणंदेकडे वळून विचारले, “पुरुष चालक झोपला की घर दबकत चालतं. ही मुक्कामाची गाडी करून सकाळी आली, की तिच्या हातात झाडू तर नाही ना देणार?”

नणंद बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “झाडू मी मारीन. तिला झोपू देईन.”

भगिनींनो, मुलीला चालक करायचे असेल तर लायसन्सच्या अर्जाआधी घरात एवढे ठरवून घ्या. तिच्या मागे चाळीस घरांची माणसे बसणार आहेत.